आईची खुर्ची

ती खुर्ची मीच पसंत केली होती. डॅन्यूबकाठच्या रुसे शहरातल्या आमच्या केंद्रात लहान मुलांच्या चाचण्या सुरू व्हायच्या होत्या, खोलीला नवा रंग देऊन झाला होता, आणि केंद्राच्या प्रमुख मिहोवाबाईंनी मला फर्निचरच्या दुकानात पिटाळलं होतं, की आईसाठी एक खुर्ची आण, तिला बसता येईल पण रमता येणार नाही अशी. मी हात नसलेली खुर्ची आणली. खुर्चीला हात असले की आया ते घट्ट धरतात, मग मूल मागे वळून त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहतं. हात नसले की बाईचे हात आपोआप मांडीवर येतात. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. त्यानंतर त्या खुर्चीत किती आया बसवल्या असतील, प्रत्येकीला तेच वाक्य, त्याच आवाजात: इथे बसा, हात मांडीवर ठेवा, चेहरा शांत ठेवा, काही सुचवू नका, मुलाला जे करायचं ते त्याला करू द्या. आणि त्या मंगळवारी आमच्या परीक्षकाने, ओग्न्यानने, तेच वाक्य माझ्याच आवाजाच्या चढउतारांसकट मला म्हणून दाखवलं, मी बसले, आणि बसल्या क्षणी कळलं की त्या खुर्चीची पुढची कड गुडघ्यांच्या मागे रुतते. इतक्या वर्षांत एकही आई हे बोलली नव्हती. त्या सगळ्याजणी मांडीवर हात ठेवून, शांत चेहऱ्याने, आपापलं मूल बघत बसल्या होत्या आणि त्यांचे पाय मुंग्यांनी भरून गेले होते.

समोरच्या बुटक्या टेबलाशी नेदा उभी होती. माझी नेदा, सव्वा वर्षाची, नुकतीच चालायला लागलेली, म्हणजे चालते कमी आणि पडायचं टाळते जास्त. तिच्या समोर जमिनीवर मांडी घालून ओग्न्यान. ओग्न्यान या नावातच आग आहे, आणि बाहेर कॉफीच्या मशीनपाशी हा माणूस तसाच असतो, हातवारे, नकला, कुणाची तरी टोपी उडवणं. पण चाचणीच्या खोलीत शिरला की त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होतो. त्यासाठीच त्याला या कामावर घेतलं आहे. परीक्षक हसला तर मुलाला वाटतं आपलं बरोबर आलं, भुवई उचलली तर वाटतं चुकलं, मग मूल ठोकळे सोडून माणूस वाचायला लागतं. चाचणी उत्तरेकडच्या एका दूरच्या देशात तयार झालेली. आमचं काम एवढंच, की आपल्याकडच्या मुलांना कुठल्या वयात काय येतं ते मोजून तिची मापं इथल्या अंगाला बेतायची. सव्वा वर्षाची मुलं आम्हाला कमी पडत होती. मिहोवाबाई म्हणाल्या, तुझ्या घरात एक आहे की. मी म्हटलं, कर्मचाऱ्याचं मूल नमुन्यात घेणं पद्धतीला धरून नाही. त्या म्हणाल्या, आक्षेप नोंदवला, मंगळवारी घेऊन ये.

ओग्न्यानने लाल ठोकळ्यांचा मनोरा रचून दाखवला, एकावर एक, आणि मोडला. मग सगळे ठोकळे नेदाकडे सरकवून म्हणाला, आता तू. नेदाने एक ठोकळा उचलला. माझ्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. (मागे एक आई होती, तिच्या पायाची बोटं सँडलमधून दिसत होती, मुलाचा हात बरोबर डब्याकडे गेला की बोटं फुलायची, चुकीच्या डब्याकडे गेला की मिटायची. त्यानंतर आम्ही आयांना बंद बूट घालून यायला सांगू लागलो.) नेदाने ठोकळा उचलला, नीट बघितला, आणि रचण्याऐवजी ओग्न्यानच्या पुढे धरला. त्याने घेतला. घ्यायला हरकत नसते. पण नेदा हलेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, डोळे मोठे करून, जरा पुढे झुकून, जणू त्या ओठांवरून आता काहीतरी खाली पडणार आहे. ओग्न्यान पाटीसारखा बसून राहिला. मग तिने दुसरा ठोकळा घेतला, डुलत डुलत माझ्याकडे आली, माझ्या ओठांपाशी धरला आणि माझ्याही तोंडाकडे तशीच बघत राहिली. हात मांडीवर, चेहरा शांत. माझी मुलगी हात लांब करून उभी आहे आणि मी तिच्याकडे एखाद्या सरकारी इमारतीसारखी बघते आहे. तिसरा ठोकळा तिने भिंतीतल्या आरशापाशी नेला आणि आरशातल्या मुलीला दिला. खट्ट असा आवाज झाला. त्या आरशाच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत मिहोवाबाई बसल्या होत्या. तिकडून इकडचं सगळं दिसतं, इकडून फक्त आपणच दिसतो. नेदा आरशातल्या मुलीच्या तोंडाकडे बघत होती आणि आरशातली मुलगी तिच्या. दोघी एकमेकींची वाट बघत होत्या. मागून ओग्न्यानने ठरलेल्या पट्टीत हाक मारली, नेदा. ती वळली नाही.

तीन वेळा मनोरा दाखवायचा असतो, तीन वेळा दाखवला, तिन्ही वेळा तिने ठोकळे वाटून टाकले आणि तिन्ही वेळा मागून मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचली नाही. बांधकाम शून्य, हाकेला प्रतिसाद शून्य. नंतर ओग्न्यान मला कॉफीच्या मशीनपाशी घेऊन गेला, आणि त्याने टोपी वगैरे काही उडवली नाही. तो म्हणाला, "नोंदवण्याआधी तुला सांगतो. ती सारखी तोंडाकडे बघते, बिल्याना. ओठांकडे. आणि हाकेला वळत नाही. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर तू तिला काय सांगितलं असतंस?" मी काय सांगितलं असतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी शांतपणे सांगितलं असतं, की काळजीचं काही नाही, एकदा कान तपासून घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी, आणि तेव्हाही वयाला ठरलेल्या रेषेच्या खालीच राहिली तर सोफियाला मोठ्या इस्पितळात. काळजीचं काही नाही हे वाक्यही मीच आमच्याकडे रूढ केलं होतं. ते खुर्चीसारखंच निघालं. बाहेरून साधं, बसल्यावर रुतणारं.

घरी येताना ट्रॉलीबसमध्ये नेदा माझ्या मांडीवर होती, तिच्या केसांना पावडरीचा आणि कुठल्याशा बिस्किटाचा वास येत होता, आणि मी तिच्या कानांकडे बघत होते. इतके लहान, नीट घडी घातलेले कान. ते माझ्या वडिलांचे आहेत असं सगळे म्हणतात. आजवर मी त्यांना फक्त पापे घेण्याच्या जागा समजत होते. बाहेर मिरच्या भाजण्याचे दिवस होते. आमच्याकडे शरद आला की प्रत्येक गॅलरीत लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती येतात, त्या भाजायचे डबे विस्तवावर चढतात, आणि गावभर तो काळपट गोड वास भरतो. माणसं त्या वासात एकमेकांना माफ करून टाकतात. ट्रॉलीबसचं दार उघडलं की वास आत यायचा आणि नेदाचं नाक वर व्हायचं. नाक उत्तम आहे, मी मनात नोंदवलं. आणि मग लगेच स्वतःची लाज वाटली, कारण मी माझ्या पोरीला मांडीवर घेऊन तिचे अवयव तपासत चालले होते.

मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या बालवाडीत एक बाई आल्या होत्या. त्यांनी चित्रं दाखवून विचारलं, यात काय कमी आहे? एका चित्रात टेबल होतं, त्याला तीनच पाय. मी खूप बघितलं आणि म्हणाले, पाहुणे. बाई हसल्या आणि काहीतरी लिहिलं. पुढच्या चित्रात दार होतं, त्याला मूठ नव्हती. मी म्हणाले, कुणी येत नाही. बाई पुन्हा हसल्या. घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं, आणि मी सांगितलं की मला सगळं आलं. त्या बाई काय लिहीत होत्या ते कळावं म्हणूनच कदाचित मी या धंद्यात आले. आता मला माहीत आहे त्या काय लिहीत होत्या.

सावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी जेवताना सांगितलं. तो बंदरावर क्रेन चालवतो, दिवसभर डॅन्यूबवर उंच टांगलेला असतो, आणि जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीचं त्याला चटकन भय वाटत नाही. तो म्हणाला, बापावर गेली आहे, मलाही हाका ऐकू येत नाहीत, विशेषतः कचरा टाकून ये म्हटल्यावर. मी हसले नाही. त्याने पावाचा तुकडा ताटलीत ठेवला आणि नेदाकडे बघितलं. ती खुर्चीखाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडत होती. तो हळू म्हणाला, नेदा. ती नाडी सोडत राहिली. तो पुन्हा म्हणाला नाही, आणि मला त्याचं ते पुन्हा न म्हणणं ऐकू आलं.

त्यानंतरचे दिवस मी एक वाईट संशोधक होते. एक चमचा आणि एक पातेलं घेऊन मी माझ्याच घरात चोरपावलांनी फिरत होते. नेदा पाठमोरी बसली की मागून टण्ण. ती वळली. जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की खिडकी माझ्या मागे आहे, माझी सावली आधी तिच्या अंगावर पडली होती. पडदा ओढला. टण्ण. वळली. पण आमची जमीन लाकडी आहे, पाऊल टाकलं की फळी हलते, तिला तळव्यांना कळलं असेल. सतरंजी पसरली, अनवाणी उभी राहिले. टण्ण. वळली नाही. का वळली नाही, ऐकू आलं नाही म्हणून, की आई दिवसभर मागून चमचा वाजवते हे तिला आता माहीत झालं आहे म्हणून? कुठलंही शहाणं पोर एखाद्या गोष्टीकडे किती वेळा वळून बघेल? आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, की एकच उत्तेजन पुन्हा पुन्हा दिलं की मूल कंटाळतं आणि ते कंटाळणं हेच बुद्धीचं लक्षण. म्हणजे ती वळली तर सावली, नाही वळली तर बुद्धी, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माझ्या बाळाचा कान. सावा कामावरून येऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "अगं, आणखी एकदा चमचा वाजवलास तर तिचं माहीत नाही, पण मी नक्की बहिरा होईन." मग त्याने माझ्या हातातला चमचा काढून घेतला, त्याच चमच्याने सरळ टेबलावरच्या वाडग्यातलं दही खाल्लं, आणि नेदा ताबडतोब वळून त्याच्याकडे चालत गेली. पण ते दह्याच्या वासानेही असेल.

सासूबाई आमच्याच जिन्यात दोन मजले खाली राहतात. त्यांचं नाव झ्द्रावका, म्हणजे निरोगी, आणि त्या नावाला कायद्यासारखं पाळतात. मी कामावर असते तेव्हा नेदा त्यांच्याकडे असते. चाचणीचं ऐकून त्या मुळीच घाबरल्या नाहीत, त्या चिडल्या, आणि त्याही माझ्यावर. परीक्षा आहे हे तुला आधीपासून ठाऊक होतं की नाही, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होतं. प्रश्न काय येणार तेही? होतं. आणि तू पोरीला काही शिकवलं नाहीस? मी समजावून सांगितलं, की आई, शिकवून घेतलेली चाचणी चाचणी राहत नाही, ती मूल मोजायला असते, तयारी मोजायला नाही. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी म्हणते आहे ते पावाला मीठ घालू नका यासारखं काहीतरी आहे. "परीक्षा आहे आणि अभ्यास करायचा नाही," त्या म्हणाल्या, "हा कुठला न्याय? सावाच्या वेळी मी शिक्षिकेच्या दारात कोंबडी घेऊन गेले होते, तो काय उगाच पास झाला?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेदाला घ्यायला गेले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर साखरेच्या खड्यांचा मनोरा होता, उंच, सुरेख, सरळ. क्षणभर मला वाटलं, नेदाने रचला. तो सासूबाईंनी रचला होता. नेदा टेबलाखाली बसून त्याचा पाया खात होती.

मीही काही साधुसंत नव्हते. कपाटात नेदाच्या जुन्या खेळण्यांत लाकडी ठोकळे होते, लाल नव्हे, पिवळे. मी ते काढले, हातात घेतले, परत ठेवले. परत काढले. रचायला शिकवायला फार तर एक दुपार लागली असती. रेषेच्या वर येण्याला तेवढं पुरलं असतं, मग इस्पितळ नाही, मग मिहोवाबाईंच्या त्या सौम्य आवाजाची वेळ नाही. पण मग मला कायमचं माहीत राहिलं असतं की रेषेच्या वर जी उभी आहे ती नेदा नव्हे, माझी एक दुपार आहे. आणि तिला खरंच ऐकू येत नसेल तर? तर मी माझ्याच हाताने ते झाकून ठेवलं असतं, मनोऱ्यामागे. मी ठोकळे कपाटात टाकले आणि नेदाला उचलून तिच्या कानात काहीतरी अर्थहीन पुटपुटले, आणि तिला गुदगुल्या झाल्या, ती खळखळून हसली, आणि मी पहिल्यांदा ते मोजलं नाही.

मग नेदाला एक बारीकसा ताप येऊन गेला. ताप उतरला त्या सकाळी मी रजा घेतली होती, म्हणून मला ते दिसलं, एरवी मी त्या वेळी केंद्रात असते. सासूबाईंनी गोल पाव भाजला, त्यावर मध लावला. त्यांच्याकडे याला कारण लागतं पण फारसं मोठं लागत नाही: दात आला, पाऊल टाकलं, पडली पण लागलं नाही, ताप उतरला. पाव भाजायचा आणि जिन्यातल्या प्रत्येक दारावर वाटायचा, पोरीच्या आयुष्यासाठी. मीही लहानपणी असा वाटलेला पाव खाल्लाच आहे, सगळ्यांनीच खाल्ला आहे. पण जिना आणि प्रयोगशाळा माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या, आणि मधल्या दाराला मूठ नव्हती. ताटली सासूबाईंच्या हातात, आणि वाटणारी नेदा. मी एक पायरी वर थांबून बघत होते. पहिलं दार पेन्काबाईंचं, त्या पूर्वी ट्रॉलीबस चालवायच्या, आता त्यांचे सगळे दात कवळीचे आहेत. दार उघडलं, त्यांच्या मागून मिरच्यांचा वास आला. नेदाने तुकडा उचलला आणि पुढे धरला. पेन्काबाईंनी घेतला. आणि नेदा हलेना. ती पेन्काबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, डोळे मोठे करून, जरा पुढे झुकून.

तिथेच मला ते कळलं. कारण आमच्या जिन्यात नुसतं घेऊन चालत नाही. उंबऱ्यावरच एक घास खायचा असतो आणि म्हणायचं असतं, आयुष्य लाभो. न खाता घेतलं तर दिलेलं पोचत नाही, असा सासूबाईंचा दंडक आहे, आणि समोरच्या माणसाला चावताना बघितल्याशिवाय त्या पुढच्या दाराकडे वळत नाहीत. पेन्काबाई चावायला वेळ लावतात. नेदा तेवढा वेळ थांबली. त्यांचे दात एकदा सरकले, परत जागेवर बसले, घास गेला, आयुष्य लाभो ग बाई, त्या म्हणाल्या, आणि नेदाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं जसं रात्रपाळी संपवून घरी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरतं. ती लगेच पुढच्या दाराकडे निघाली. ओठ वाचत नव्हती ती. घास जातोय का ते बघत होती. आणि त्या खोलीत कुणीच खाल्लं नव्हतं. ओग्न्यानने नाही, मी नाही, आरशातल्या मुलीने नाही. दिलेलं काहीच कुणाला पोचलं नव्हतं, तिन्ही वेळा. ती हाकेला कशी वळणार, तिचं काम अर्धवट होतं. मला आठवलं, ओग्न्यान कधीपासून कुरकुरत होता, या गावातली पोरं मनोरा करायचं सोडून मला ठोकळे काय देत सुटतात. आम्ही त्यावर हसलो होतो. चहाच्या वेळी.

पण आनंद पायरीवरून खाली उतरेपर्यंतच टिकला. कारण हे ठोकळ्यांचं झालं. हाकेचं काय? हे मला वाटतंय, आणि तसंच असावं असंही मला फार वाटतंय, आणि असं ज्याला वाटतं त्याच्या निरीक्षणाला आम्ही केंद्रात काय म्हणतो ते मला माहीत आहे. आणि ओग्न्यानला सांगायचं कसं? त्याला सांगितलं की त्याचा चेहरा पाटी राहणार नाही, तो वाट बघायला लागेल, आणि वाट बघणाऱ्या परीक्षकाला मुलं हवं ते दाखवतात. न सांगितलं तर तो पुन्हा दगडासारखा बसेल आणि पुन्हा शून्य. मी सावाला सांगितलं. तो हसून हसून आडवा झाला, आणि मग म्हणाला, सांगू नकोस, आणि मग म्हणाला, सांग, आणि मग नेदाच्या डोक्यावर हात ठेवून बसला. मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या दिवशी सासूबाईंनी नेदाला नवा लाल स्वेटर घातला आणि माझ्या पर्सेत कागदात गुंडाळलेला पाव कोंबला, परीक्षकासाठी. मी तो मुकाट्याने केंद्राच्या स्वयंपाकघरात ठेवून दिला. खोलीत तेच ठोकळे, तोच आरसा, तीच खुर्ची. इथे बसा, ओग्न्यान म्हणाला, हात मांडीवर ठेवा. कड गुडघ्यांच्या मागे बरोबर त्याच जागी रुतली, जशी आपली जुनी ओळखीची. मनोरा झाला, मोडला. आता तू. नेदाने ठोकळा उचलला, ओग्न्यानला दिला, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो पाटी. बिचारा किती मनापासून पाटी. तिने वाट पाहिली, पेन्काबाईंच्या दातांना लागते त्याहून जास्त. मग दुसरा ठोकळा घेऊन ती माझ्याकडे आली. हात वर केला. लाल चौकोनी घास माझ्या ओठांपाशी थांबला. त्या वेळी माझ्या मनात मोठं काही आलं नाही. पद्धत आठवली, ज्यांना शांत चेहऱ्याने बसवलं त्या सगळ्या आया आठवल्या, तीन पायांचं टेबल आठवलं. यात काय कमी आहे? मी तोंड उघडलं आणि ठोकळ्याला चावले. लाकडाला साबणाची चव होती आणि त्याखाली कितीतरी मुलांची. मी चघळल्यासारखं केलं, गिळल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "आयुष्य लाभो."

नेदाच्या चेहऱ्यावर तो घरी पोचलेला माणूस उजाडला. ओग्न्यान माझ्याकडे बघत होता. तोही रुसेचाच आहे, त्याच्याही जिन्यात कुणीतरी म्हातारी असेलच. नेदा वळली आणि त्याच्यापाशी परत गेली, त्याच्या हातात पडून राहिलेला ठोकळा तिने बोटाने त्याच्या तोंडाकडे ढकलला. पाटीवर आधी कोपऱ्यात काहीतरी हललं, मग सगळी पाटीच गेली. त्याने ठोकळा दातात धरला, डोळे मिटले, सावकाश, चवीने, मध ओघळू नये म्हणून हनुवटीखाली तळहात धरल्याचा अभिनय करत खाल्ला. "आयुष्य लाभो, नेदाबाई," तो म्हणाला. "मीठ जरा कमी आहे."

राहिला आरसा. नेदा ठोकळा घेऊन तिकडे गेली, आरशातल्या मुलीला दिला, खट्ट, आणि वाट बघत उभी राहिली. आरशातली मुलगी काही खाईना. मी आणि ओग्न्यान एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. आणि मग पलीकडच्या खोलीतला दिवा लागला. त्या खोलीत दिवा कधी लागत नाही. तो लागला की आरसा काच होतो आणि बघणारा दिसतो, म्हणून त्या बटणावर आम्ही चिकटपट्टी लावून ठेवली आहे. काचेपलीकडे मिहोवाबाई उभ्या होत्या, नाकावर चष्मा, एका हातात चिकटपट्टीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात सासूबाईंचा पाव. तो त्यांना स्वयंपाकघरात सापडला होता. त्यांनी तो ठोकळ्याच्या बरोबर समोर काचेला लावला, मग उचलून मोठा घास घेतला. त्या एकट्याच त्या दिवशी खरोखर जेवल्या. नेदाने शेवटपर्यंत बघितलं, घास घशाखाली उतरेपर्यंत. मग ती वळून टेबलाशी आली, आपल्या वाट्याचा ठोकळा उचलून तोंडात घातला आणि खाली बसली, आमच्याकडे तोंड करून, खोलीच्या मागच्या भिंतीकडे पाठ करून.

त्या मागच्या भिंतीवर, वर, छताजवळ, एक स्पीकर आहे. पलीकडच्या खोलीतून काही सूचना द्यायची असली तर देता यावी म्हणून. त्या वेळी त्यात सुरू होतानाची खरखरही झाली नाही. मिहोवाबाईंनी फार हळू, तोंडात घास असताना बोलतात तसं, म्हटलं, "आयुष्य लाभो, नेदा."

सावली नव्हती. फळी हलली नव्हती. वास नव्हता, आईचा चमचा नव्हता, वाट बघणारा कुणाचा चेहरा त्या बाजूला नव्हता. त्या भिंतीपाशी कुणीसुद्धा नव्हतं. नेदाने तोंडातला ठोकळा काढला आणि मान वळवून थेट वर, त्या जाळीकडे बघितलं.

ओग्न्यानने श्वास सोडला तेव्हा मला कळलं की तोही धरून बसला होता. "बांधकाम शून्य," तो अधिकृत आवाजात म्हणाला, पण तो आवाज त्याला नीट जमला नाही. शून्य तर शून्य. चाचणी तर केव्हाच मोडली होती. नेदा उठली, कारण तिथे वर अजून एक माणूस होता, ज्याने आयुष्य लाभो म्हटलं आणि ज्याला काहीच मिळालं नव्हतं. ती डुलत डुलत भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या, ठोकळा धरलेला हात जेवढा जाईल तेवढा वर केला, आणि माझ्याकडे वळून बघितलं.

मी खुर्चीवरून उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, मी जरा लंगडतच गेले. तिला काखांखाली धरून उचललं, आणखी वर, आणखी थोडं, माझे हात पूर्ण ताणले जाईपर्यंत, तिचा ठोकळा त्या जाळीला टेकेपर्यंत. मग आम्ही दोघी मिळून वाट बघत राहिलो.